घर-सात

१९ फेब्रुवारी

टिल्लू,

सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणणं शोभत नाही, मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की ते आरोपपत्रातलं वाटतं आणि पेन अडतं. तेव्हा टिल्लूच.

हे माझं तेविसावं पत्र. आधीच्या बाविसांचं उत्तर आलं नाही, पण ती परतही आली नाहीत, म्हणजे तू घेतोस एवढं नक्की. आई सांगते, तुझ्या शेजारच्या अंथरुणावर एक म्हातारे कैदी असतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि बराकीतल्या अर्ध्या लोकांची पत्रं तेच लिहून देतात. मग त्यांच्याकडून दोन ओळी खरडून घ्यायला काय हरकत आहे? शिव्या असल्या तरी चालतील. मास्तर शुद्धलेखन तपासून देतील.

तेरा तारखेला तुरुंगात आलेली ती पांढऱ्या झग्यातली बाई मीच होते. तू ओळखलंस हेही मला कळलं, कारण तू मान फिरवलीस. अनोळखी बाईकडे बघून कुणी एवढ्या रागानं मान फिरवत नाही. नाकात काडी घालून नमुना कसा घ्यायचा ते तुमच्या दवाखान्यातल्या लोकांना शिकवायला आमच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी जायचं होतं. कुणी तयार होईना. मी हात वर केला. का केला ते तुला वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला तुला कळलं नसेल, कारण माझा आवाज बसला होता. "मान वर करा" असं मी दोनदा म्हटलं आणि तू आपला भिंतीकडे बघत उभा. मग माझा धीर सुटला. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हटलं, "अरे, मी आहे." तुझ्या मागं उभे असलेले मास्तर पुढं वाकून म्हणाले, "डोळे अगदी याच्यासारखेच आहेत हो." त्यावर मी हसले, त्या हसण्यात मला खोकला आला, आणि तू मान फिरवलीस. नंतर मी मुकाट्यानं नमुना घेतला, तू मुकाट्यानं दिलास. तू वाळला आहेस. कानामागचे केस पिकलेत. एवढंच बघता आलं.

मास्तरांनी मला विचारलं होतं, "बाई, या काडीवरून नेमकं काय कळतं?" मी घाईत होते, उत्तर दिलं नाही. आता तू त्यांना सांग. विषाणू म्हणजे तीस हजार अक्षरांचा एक मजकूर. तो एका माणसातून दुसऱ्यात जाताना स्वतःची नक्कल करत जातो आणि मधूनच एखादं अक्षर चुकतं. पुढच्या सगळ्या नकला ती चूक घेऊनच निघतात. आमचं यंत्र तो मजकूर अक्षर न् अक्षर वाचतं, त्याला जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. कुणाची चूक कुणाकडे सापडली ते बघितलं की आजार कसा पसरला ते उमगतं. तुला हे जड जाऊ नये. पाचवीत तू माझ्या जुन्या वहीतला गृहपाठ उतरवला होतास, मी सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर लिहिलं होतं ते सुद्धा. बाईंनी दोन मिनिटांत पकडलं. मी तेच काम करते.

सध्या रजेवर आहे. जरा कणकण होती. आईही खोकतेय. काळजीचं काही नाही.

पत्र वाचून शिक्का मारणाऱ्या साहेबांना नमस्कार. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

ताई


२४ फेब्रुवारी

टिल्लू,

आज गप्पा नाहीत. तुला ताप आहे हे मला माहीत आहे.

तुरुंगातून बर्फाची पेटी रोज सकाळी नऊला येते, तिच्याबरोबर यादी. यादीत नावं नसतात, फक्त बराक आणि कैदी क्रमांक, म्हणजे कुणाचा नमुना आहे ते आम्हाला कळू नये. पण चार वर्षं पाकिटावर लिहून लिहून ४४१७ मला तोंडपाठ झालाय. तू माझा भाऊ आहेस हे इथं कुणालाही माहीत नाही. काल तीन नंबर बराकीतून बारा नमुने आले आणि सहाव्या ओळीत तू होतास. मी यादी पालथी ठेवली आणि हात धुवायला गेले. हात आधीच धुतलेले होते.

नीट ऐक. पालथा झोप, जितका वेळ जमेल तितका. पाणी गरम मागून घे, नाही दिलं तर गार पी पण पीत राहा. एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येतात का ते रोज बघ. बाराच्या पुढं जाता येईना तर डॉक्टरांना हाक मार, पहारेकऱ्यावर विसंबू नकोस. ओठ निळे दिसतात का ते मास्तरांना बघायला सांग. आणि त्यांचे तू बघ, त्यांचं वय झालंय. वीस माणसांच्या खोलीत अडतीस जण म्हणजे लांब राहा म्हणणं ही थट्टाच आहे, तरी तोंड भिंतीकडे करून झोपत जा.

तुमच्या डॉक्टरांशी मी कामाच्या निमित्तानं बोलले. आवाजावरून बरा माणूस वाटला, पण फार दमलेला. म्हणाला, दवाखान्यात ऑक्सिजनच्या दोनच टाक्या आहेत. मी विचारलं, आणि तिसऱ्याला लागला तर? तो म्हणाला, "तेवढं सोडून विचारा."

मला खूप भीती वाटते आहे. आईला काही सांगितलेलं नाही. मी घरात गुणगुणत फिरते, म्हणजे तिला वाटावं सगळं ठीक आहे. तिनं आज विचारलं, "तुला दुखतंय का कुठे?"

ताई


३ मार्च

टिल्लू,

चोवीस तारखेचं पत्र परत आलं. त्यातल्या बऱ्याच ओळींवर काळी शाई आणि वर टाचलेली चिठ्ठी: कारागृहातील आजाराविषयी मजकूर असल्याने नियमानुसार त्याच दिवशी अधीक्षकांसमोर ठेवले, कैद्यास देता येत नाही. खाली वाचणाऱ्या साहेबांनी आपल्या हातानं लिहिलंय, "बाई, घरचं लिहा, म्हणजे पोचेल." भला माणूस दिसतो. म्हणून घरचं लिहिते.

आईचा खोकला गेला. मागच्या अंगणातला नळ पुन्हा गळतो. तुझी सायकल मी पुसून ठेवली, चाकात हवा भरली, दोन दिवसांत परत बसली. समोरच्या काकू रोज विचारतात, काही कळलं का, आणि मी म्हणते, कशाचं? फोन वाजला की आई माझ्याकडे बघते आणि मी फोनकडे. कुणी उचलायचा यावरच आमचा अर्धा दिवस जातो.

मास्तरांचं कळलं. मला त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तोंडावर द्यायला हवं होतं, फार तर एक मिनिट लागलं असतं. तू त्यांना पत्र वाचून दाखवलंस का?

तुझा ताप उतरला हेही कळलं, आणि तुला एकट्याला वेगळ्या कोठडीत ठेवलंय हेही. तू काही मनाला लावून घेऊ नकोस. जे लोक म्हणतात ते ठरलेलं नाही. यापेक्षा जास्त लिहिलं तर हेही परत येईल.

दाराशी पाठ करून झोपू नकोस.

ताई


८ मार्च

टिल्लू,

हे पत्र मी टाकणार नाही. पाकीटही घेतलेलं नाही. त्यामुळे काय ते सरळ लिहिते.

परवा तुमच्या डॉक्टरांचा फोन आला. तुरुंगाच्या कार्यालयानं ठरवून टाकलंय की आजार तू आणलास. पहिला ताप तुला आला, सतरा तारखेला. आणि बराकीतला तू एकटाच बाहेर गेला होतास, दहाला, दाढ काढायला. तिथं मास्क काढून कुणाशी तरी बोलत बसला असशील, असं त्यांचं म्हणणं. सतरा मार्चला अधीक्षकांसमोर सुनावणी आहे. ठपका बसला की शिक्षेतली मिळालेली सूट जाणार आणि तुला परत तीन नंबरमध्ये पाठवणार.

"पाठवू दे की," मी म्हटलं. "कोठडीपेक्षा बरं."

"बाई, मास्तर गेल्यापासून बराकीत वातावरण फार वाईट आहे," तो म्हणाला. "त्यांच्यावर सगळ्यांचा जीव होता. हा परत आला तर याचे हातपाय जागेवर राहत नाहीत असं उघड बोलतात. मी रात्रपाळीला दोनच पहारेकरी बघतो तिथं. तुमच्या यंत्राचं काय झालं? ते सांगेल ना, कुठून आला ते? तेवढं हातात मिळालं तर त्याचा जीव वाचेल."

मी म्हटलं, "नमुने खराब निघाले."

टिल्लू, नमुने खराब नव्हते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रयोगशाळेतलं कुणी आजारी पडलं की त्याच्या विषाणूचाही मजकूर वाचून वेगळ्या यादीत ठेवतात. तिला आम्ही घरची यादी म्हणतो. बाहेरच्या नमुन्यात आपल्याच माणसाचा विषाणू चुकून मिसळला तर यादीशी ताडून लगेच लक्षात यावं म्हणून. तुमच्या बराकीचे नमुने यंत्रावर लावले तेव्हा पडद्यावर लाल पट्टी आली: घरच्या यादीतल्या क्रमांक सातशी जुळतात, दूषित समजावेत. आणि मी शांतपणे त्यावर सही केली. बारा नमुने बाद. जुळणारा माल घरचा, तेव्हा चूक घरातली, इतका साधा हिशोब. असं दहादा होतं, दहादा आम्ही सही करतो.

घर-सात म्हणजे मी.

पंधरा तारखेला माझी तपासणी पॉझिटिव्ह आली होती. तुला मी कणकण म्हणून लिहिलं. पण घसा बारालाच धरला होता. तेराला सकाळी मी घरच्या किटवर तपासून पाहिलं, एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह. आजार असला तरी पहिल्या दिवशी एकच येते, हे मी इतरांना शिकवते. त्याच दिवशी तुमच्या लोकांना शिकवलं. पण तीन नंबर बराकीची यादी माझ्या हातात होती आणि तिच्यात ४४१७ होता, आणि गेले नसते तर दुसऱ्या कुणालातरी पाठवलं असतं. मी एक गोळी घेतली, दोन मास्क लावले आणि स्वतःला सांगितलं की झग्यातून काही बाहेर पडत नाही. ते खरंही होतं. मास्क खाली ओढेपर्यंत खरं होतं.

लाल पट्टी आली तेव्हा ही शंका मला आली नाही असं म्हणू? आली. मी ती पुढं ढकलली. मास्तर गेल्यावर ढकलता येईना. मग तुमच्याकडून नवे नमुने मागवले, मास्तरांचा दवाखान्यात शेवटी घेतलेलाही, शेजारच्या खोलीत, दुसऱ्या यंत्रावर, मी हात न लावता लावून घेतले. सोबत कोऱ्या पाण्याची नळी ठेवली, ती कोरीच आली, म्हणजे इथं काही मिसळलेलं नाही. तुझा मजकूर माझ्यासारखा, एका अक्षराचाही फरक नाही. मास्तरांचाही तसाच. बाकीच्यांत एकेक, दोनदोन नव्या चुका, सगळ्या याच मजकुरावर चढलेल्या. आणि तू दाढ काढायला गेलास त्या हॉस्पिटलातले त्या आठवड्याचे नमुनेही मी काढून बघितले. त्यांच्यात आणि तुझ्यात अकरा अक्षरांचा फरक आहे. तिथून तू काहीही आणलेलं नाहीस.

मजकूर कुणी कुणाला दिला हे यंत्र छातीठोकपणे सांगत नाही. पण तू आणि मास्तर दोघंही माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे होतात, आणि मला खोकला आला होता.

हे सगळं फक्त मला माहीत आहे. यंत्र लावणाऱ्या मुलीनं आकडे बघितले, पण घर-सात कोण ते तिला ठाऊक नाही, ती यादी माझ्याकडे असते. बाद झालेले नमुने बादच राहिले तर कुणी विचारणार नाही. मला खोटं बोलायचीही गरज नाही. मी फक्त गप्प बसायचं.

तूही तेवढंच मागितलं होतंस.

मला तो दिवस अजून तसाच आठवतो. तू टेम्पो मागच्या गल्लीत लावलास, पुढच्या दिव्याची काच फुटलेली, आणि स्वयंपाकघरात येऊन माझा हात धरलास. "ताई, कुणी विचारलं तर मी पाचपासून घरी होतो. बाकी काही बोलू नकोस, एवढंच म्हण." तू ज्याला टेम्पोनं उडवलंस तो सायकलवरचा पहारेकरी तेव्हा जिवंत होता. तू थांबला असतास तर वाचला असता, असं नंतर डॉक्टरनं कोर्टात सांगितलं. मी पोलिसांना सांगितलं, तू सव्वासातला घरी आलास. कोर्टातही सव्वासात. बाहेर आल्यावर तू बेड्या घातलेले हात वर करून म्हणालास, "तुझा आवाजसुद्धा हलला नाही." त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

चार वर्षं मी आईला सांगत आले की खरं ते खरं, भाऊ असला म्हणून काय झालं. किती सोपं होतं ते बोलणं. आज माझी पाळी आली तर मी पाकीटसुद्धा घेत नाही.

नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल, मास्तरांच्या घरचं कुणी असलं तर. पण खरी भीती ती नाही. मी एका माणसाला मारलं, आणि हे मी तोंडानं म्हटलं की ते खरं होईल, याची भीती वाटते. आज दिवसभर आईच्या समोर जात नाही. ती हाक मारते, मी न्हाणीघरात नळ सोडून उभी राहते.


११ मार्च

टिल्लू,

हेही टाकणार नाही, पण आज तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आईनं ते आधी छातीशी धरलं, मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझ्या नावचं आहे." चार वर्षांतलं पहिलं, पाच तारखेला कोठडीतून लिहिलेलं. पुन्हा पुन्हा वाचून ते मला पाठ झालं आहे:

"ताई, मास्तर गेले. माझ्यामुळे गेले म्हणतात. मलाही तसंच वाटतं, कारण बाहेर दुसरं कोण गेलं होतं. तुझ्या पत्रातलं मी त्यांना वाचून दाखवलं होतं, ते चौऱ्याहत्तरवर खूप हसले. तुझ्या मशीनवर बघून काय ते सांग. मी आणला असेन तर तसंच सांग, गाळू नकोस. मला तुझा राग आहे, पण तू खोटं बोलत नाहीस. भेटायला आलीस ते बरं केलंस. टिल्लू."

अधीक्षकांच्या नजरेतून हे कसं सुटलं कोण जाणे. आजार हा शब्द नाही म्हणून असेल, की साहेबांनी डोळेझाक केली?

तू मला एवढं चांगलं का समजतोस?

आई दारात उभी होती. "काय लिहिलंय?" म्हणाली. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती म्हणाली, "तेव्हा त्याच्यासाठी मी तुझ्या पाया पडले होते, सांगू नकोस म्हणून. आठवतं?" मी म्हटलं, "आठवतं." ती म्हणाली, "आता तुझ्यासाठी कुणाच्या पाया पडू?" आणि उठून आत गेली.


१३ मार्च

टिल्लू,

हे पत्र मात्र टाकते आहे, आणि तुझ्याआधी ते ज्यांच्या हातात पडेल त्यांच्यासाठीही लिहिते आहे.

काल सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना जाऊन सांगितलं. घर-सात कोण, तेरा तारखेला काय झालं, बाद केलेले नमुने बाद नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुरुंगात तुझा भाऊ आहे हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पाठवलं नसतं."

"नसतंच पाठवलं," त्या म्हणाल्या. "आणि ते म्हातारे गृहस्थ आज असते."

असं कुणीतरी म्हणेल म्हणून मी चार दिवस घाबरत होते. म्हटल्यावर बरं वाटलं असं नाही, पण पाय जमिनीला टेकले.

त्यांनी अहवाल पुन्हा लिहायला घेतला आणि मला घरी जायला सांगितलं. तो समितीपुढे जाईल, समितीला पंधरा दिवस लागतील, तोवर बाहेर एक शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, सुनावणी सतराला आहे. त्या म्हणाल्या, पद्धत ती पद्धत. मी तुमच्या डॉक्टरांनाही फोन लावला. तो म्हणाला, "बाई, तोंडी सांगून माझं कुणी ऐकणार नाही. कागद हवा."

मग मला ती परत आलेली चिठ्ठी आठवली. आजाराविषयी मजकूर असला की पत्र नियमानुसार त्याच दिवशी अधीक्षकांसमोर ठेवतात. तेव्हा त्या नियमावर मी खूप चिडले होते. आज त्याच्याइतका चांगला नियम जगात नाही. टपाल दोन दिवसांत पोचतं. आज टाकलं की पंधराला अधीक्षकांच्या टेबलावर.

तेव्हा पत्र वाचणारे साहेब, आज मी घरचं लिहीत नाही. पुढचं सगळं आजाराविषयी आहे. कृपा करून नियमाप्रमाणे वर पाठवा.

तेरा फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा. कारागृहाच्या दवाखान्याबाहेरची पडवी. मी विषाणू प्रयोगशाळेतर्फे नमुने घेण्याचं शिक्षण द्यायला आले होते. माझा घसा आदल्या दिवसापासून दुखत होता, आवाज बसला होता, हे मी कुणालाही सांगितलं नाही. तीन नंबर बराकीतला कैदी क्रमांक ४४१७ हा माझा सख्खा भाऊ आहे, हेही सांगितलं नाही. तो समोर आल्यावर मी मास्क खाली घेतला आणि खोकले. त्यानं मास्क काढलेला नव्हता, नमुन्यासाठी मी सांगितल्यावर नाकाखाली केला. त्याच्या मागं मास्तर उभे होते. माझा, त्याचा आणि मास्तरांचा विषाणू अक्षरशः एकच आहे. दाढेच्या हॉस्पिटलातला वेगळा आहे, अकरा अक्षरांनी. तिन्ही मजकुरांची छापील प्रत आणि हॉस्पिटलचीही सोबत जोडली आहे, प्रत्येक पानावर माझी सही आहे. बारा नमुने दूषित म्हणून बाद करणारी सहीही माझीच होती. ती चुकीची होती.

हा आजार कारागृहात ४४१७ नं आणलेला नाही. मी आणला. त्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये आणि त्याला तीन नंबर बराकीत परत पाठवू नये. बराकीतल्या लोकांनाही हे वाचून दाखवावं अशी विनंती आहे. त्यांना कुणाचा तरी राग करायचाच असेल तर माझा पत्ता पाकिटाच्या मागं आहे.

मास्तरांच्या घरचं कुणी असेल तर त्यांनाही तो पत्ता द्यावा.

टिल्लू, हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही, पोचलं तर किती ओळी उरलेल्या असतील तेही नाही. तू लिहिलंस गाळू नकोस, मी काही गाळलेलं नाही. तू थांबला असतास तर तो माणूस वाचला असता असं मी चार वर्षं मनात म्हणत होते. मी त्या दिवशी घरी थांबले असते तर मास्तर वाचले असते. आता मला तुला काही सुनावायचा अधिकार राहिलेला नाही, आणि खरं सांगू, त्याचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. तू सुटून आलास की सायकलीत हवा तूच भर. माझ्याकडून भरलेली टिकत नाही.

मला अजूनही भीती वाटते. सतरा तारखेपर्यंत वाटत राहील. तोवर दाराशी पाठ करून झोपू नकोस.

साहेब, वरच्या एकाही ओळीवर शाई फिरवू नका. फिरवायचीच असेल तर या पुढच्या ओळींवर फिरवा, त्या फक्त त्याच्यासाठी आहेत.

तू म्हणाला होतास, तुझा आवाजसुद्धा हलला नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला कमरेपर्यंत फळ्या होत्या टिल्लू, म्हणून तुला दिसलं नाही. माझे पाय तेव्हाही लटपटत होते.

ताई